अनुक्रमांक एक

कॅलेंडरवर मी लिहायला लागले ती पोळ्यांमुळे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हे सकाळी सातला जायचे ते कधी दुपारी चारला यायचे, कधी दुसऱ्या दिवशी. पोळ्या रोज उरायच्या, आणि मला उरलेलं अन्न टाकवत नाही. म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेच्या चौकोनात वर डाव्या कोपऱ्यात हे घरातून गेल्याची वेळ लिहायची आणि खाली उजव्या कोपऱ्यात आल्याची. साप्ताहिक सुट्टी मिळाली तर तारखेला गोल करायचा. त्यावरून पोळ्यांचा अंदाज काही बांधता आला नाही, पण लिहायची सवय लागली. त्याला आता चोवीस वर्षं झाली. चोवीस कॅलेंडरं दिवाणाच्या पेटीत आहेत.

माझे पती पोलीस जमादार आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पोलीस लाईनीत आम्ही राहतो. गावाचं नाव लिहीत नाही.

एका वर्षाअखेर मी बेरीज केली. बावन्न आठवडे, आणि गोल नऊ. दिवसाची सरासरी तेरा तास दहा मिनिटं. सुट्टीचे दिवसही मी भागाकारात धरले होते, उगाच आकडा फुगायला नको म्हणून. तो कागद मी यांच्या पुढ्यात ठेवला. जेवता जेवता यांनी तो वाचला.

"बरोबर आहे," हे म्हणाले. "आता हे दाखवशील कोणाले?"

"तुमच्या संघटनेला."

यांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "कोणत्या संघटनेले?"

मला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असलेली गोष्ट कुणी अशी ताटावर वाढली की वेगळी वाटते. या तालुक्यात तलाठ्यांची संघटना आहे, ग्रामसेवकांची आहे, एसटीवाल्यांची, अंगणवाडीताईंची, आशाताईंची आहे. मास्तरांच्या एकदा मोजल्या तेव्हा चार निघाल्या. तहसीलसमोर कडुनिंबाच्या झाडाखाली प्रत्येकाचं धरणं वर्षातून एकदा तरी होतं आणि त्या प्रत्येक धरण्याला आमचे हे हजर असतात. बंदोबस्ताला. कुणाच्या घोषणा कशा, हे यांना तोंडपाठ. "आशाताईंच्या घोषणा सगळ्यात चांगल्या," म्हणतात. "मास्तर लोक भाषणंच लई करते." दुसऱ्यांच्या आठ तासांसाठी यांनी बारा-बारा तास उभं राहून काढले आहेत. ते माझ्या कॅलेंडरवर आहेत.

सरकारच्या परवानगीशिवाय पोलिसाला संघटना करता येत नाही, आणि आमच्या काळात शिपायांना अशी परवानगी मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही. पूर्वी होती. माझे सासरेही शिपाईच होते, आणि त्यांच्या तरुणपणी शिपायांची संघटना होती. म्हातारपणी ओट्यावर बसून ते सांगायचे, "मले कार्ड होतं. त्याच्यावर माझं नाव होतं, नुसता नंबर नाही." मग मुंबईकडे गडबड झाली, पोलिसांनीच संप केला, लष्कर रस्त्यावर आलं, संघटना बंद पडली, कितीतरी जणांच्या नोकऱ्या गेल्या. इकडे तर कुणी काहीच केलं नव्हतं. पण कार्ड मात्र होतं.

"मग काय केलं त्या कार्डाचं?" मी एकदा विचारलं.

"पाणी तापवायच्या चुलीत टाकलं. तुही सासू म्हणे, त्याच्यावरचा फोटो तरी काढून घ्या. म्हटलं, बाई, फोटोच तर पुरावा हाय."

हे सांगताना ते हसायचे. पण चूल कुठे होती, ती जागा दरवेळी हातानं दाखवायचे.

तेव्हापासून शिपायाकडे उरलं ते दरबार आणि अर्ज. दरबार म्हणजे साहेब सगळ्यांना रांगेत बसवतात आणि विचारतात, काही अडचण आहे का? सगळे म्हणतात, नाही साहेब. अर्ज ज्यानं त्यानं आपापला द्यायचा. एका कागदावर दोघांच्या सह्या झाल्या की तो अर्ज राहत नाही, गैरवर्तन होतं. फार मोठ्या साहेबांची मात्र असोसिएशन असते. त्यांच्या बायकांचंही मंडळ असतं. त्या मंडळाच्या हळदीकुंकवाला आम्हाला बोलावतात, आणि यांना खुर्च्या मांडायला.

यातून एकच वाट राहते, आणि ती महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोलीस लाईनीला माहीत आहे. बायकोला वर्दीचे नियम लागू नाहीत. नवऱ्याला जे मागता येत नाही ते बायकोनं मागायचं, आणि नवऱ्यानं ते ऐकलंच नाही असं करायचं. आमची संघटना म्हणजे एवढीच.

आमच्या लाईनीत माणसाला नावानं कमी आणि वर्दीवरच्या बक्कल नंबरानं जास्त ओळखतात. पूर्ण नंबर कोणी म्हणत नाही, शेवटचे दोन आकडे पुरतात. आमचे हे सेहेचाळीस. भिंतीला भिंत लागून राहायचे ते बारा नंबर. मी त्यांच्या बायकोला ताई म्हणायची. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी, माहेर बाभुळगावकडचं. ती मला वहिनी म्हणायची. सतरा वर्षांचा शेजार. आमच्या दोन घरांत कढीपत्ता एकच होता, तिच्या अंगणात.

बारा नंबर जमादारांना साखर होती. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली बुटानं जखम झाली आणि ती भरेना. यवतमाळच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, दर गुरुवारी येऊन दाखवायचं, कारण अशा पायांचे डॉक्टर तिथं गुरुवारीच येत. दोन, उभं राहायचं नाही. जमादारांची ड्युटी बसस्टँडच्या पॉइंटवर होती. तिथं बसायला काही नव्हतं.

हलकी ड्युटी मिळते. त्यासाठी सरकारी दवाखान्याचा दाखला लागतो. दाखल्यासाठी यवतमाळला जावं लागतं. जाण्यासाठी सुट्टी लागते. सुट्टीच्या अर्जाला दाखला जोडावा लागतो. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. जमादारांनी तीन अर्ज केले, तिन्हींच्या प्रती मी पाहिल्या आहेत. अकरा गुरुवारांत त्यांना दोनदा जाता आलं. बाकीचे नऊ गुरुवार ताई त्यांच्या पायाला घरीच पट्टी बांधायची आणि जखमेचा फोटो मोबाइलवर काढून ठेवायची, डॉक्टरांना दाखवायला. एकदा तिनं ते फोटो ओळीनं मला दाखवले. पहिल्यात जखम चार आण्याच्या नाण्याएवढी होती. शेवटच्या फोटोशी तुलना करायला मला नाणं आठवलं नाही.

"वहिनी," ती म्हणाली, "डॉक्टर म्हणते, असंच चालू राह्यलं तर पाय राहणार नाही. मी कोणाले सांगू?"

मी म्हटलं, "सगळ्याच मिळून सांगू."

दुपारी पाण्याच्या टाकीजवळ बाया जमल्या. मागणी एकच ठेवायची असं मी पहिल्यांदाच सांगितलं. घरं गळतात, नळाला पाणी नाही, हे सगळं खरं होतं; पण दहा गोष्टी मागितल्या की त्यांतली सगळ्यात स्वस्त गोष्ट मिळते. म्हणून एकच. प्रत्येकाला आठवड्यात एक ठरलेली सुट्टी, आणि कोणाची कोणत्या वारी ते ठाण्यात फळ्यावर लिहिलेलं. बाराला गुरुवार. लाईनीत चौतीस घरं. सह्या द्यायला एकोणीस तयार झाल्या. निवेदन मी लिहायचं ठरलं, कारण माझं अक्षर चांगलं आहे आणि मी आकड्यांत चुकत नाही.

पुढच्या दोन दिवसांत लाईनीतले सगळे पुरुष आंधळे-बहिरे झाले. मी यांना म्हटलं, "एकदा वाचून घ्या, काही चुकलं असेल तर." हे बाहेर जाऊन गाडी धुवायला लागले. आदल्या दिवशीच धुतली होती.

"मले काही सांगू नको," हे म्हणाले. "उद्या मले विचारलं तर म्हणता आलं पायजे, मले माहीत नव्हतं."

"पण कागद—"

"कोणता कागद?" म्हणून यांनी पाण्याचा पाइप चाकावर धरला.

एकोणीस घरांत बावीस-बावीस, तीस-तीस वर्षं नोकरी केलेले एकोणीस पोलीस होते. कागद कसा वाचला जातो, त्यातून काय काढलं जातं, हे त्यांच्याइतकं कोणाला कळतं? पण एकानंही तो पाहिला नाही. पाहिला असता तर पहिल्या नजरेत फाडला असता.

मी मजकूर एका पानात बसवला. दुसऱ्या पानावर पट्टीनं रेघा आखून तक्ता केला. अनुक्रमांक, नाव, क्वार्टर नंबर, पतीचा बक्कल नंबर, सही. बक्कल नंबराचा रकाना आखताना माझा हात जरासुद्धा थांबला नाही. दवाखान्याचा फॉर्म असो, कँटीनचं कार्ड असो, मुलांच्या फीच्या मदतीचा अर्ज असो, चोवीस वर्षांत त्या नंबराशिवाय माझा एकही कागद पुढे सरकलेला नाही. त्याशिवाय कागद मला अपुरा वाटला असता.

ताईनं मात्र विचारलं. "नंबर कायले पायजे वहिनी? नुसत्या नावानं भागत नाही का?"

"तुमच्या नावाच्या तीन बाया आहेत लाईनीत," मी म्हटलं. "कोणाला गुरुवार द्यायचा हे कसं कळेल त्यांना?"

आणि मी तिचं नाव सगळ्यात वर घातलं. अनुक्रमांक एक. ज्याची नड मोठी त्याचं नाव वर, असा माझा हिशेब होता. मला तो न्यायाचा वाटला. माझं नाव सातवं होतं, आमच्या घराच्या नंबरानं.

पोलिसाच्या घरात राहून मला हे कळायला हवं होतं की कोणत्याही यादीतला पहिला माणूस म्हणजे म्होरक्या. यांच्या तोंडून मी हजारदा ऐकलं होतं: आरोपी क्रमांक एक.

निवेदन देताना धरणंही धरायचं ठरलं होतं, ते सोमवारी झालं. एकोणीसपैकी चौदा जणी आल्या. त्याच कडुनिंबाखाली सतरंजी टाकली. बंदोबस्ताला आमच्याच ठाण्याची माणसं होती, दुसरी कुठून आणणार? फाटकाशी आमचे हे काठी घेऊन उभे. मी समोर बसलेली. सकाळी यांच्या डब्यात मी वांग्याची भाजी दिली होती. आता हे माझ्याकडे असे बघत होते की जन्मात पाहिलं नाही.

ताईनं हाक मारली, "ओ जमादार साहेब! उन्हात काहून उभे हाय? या ना, सावलीत बसा. सतरंजी तुमच्याच घरची हाय."

यांनी मान दुसरीकडे फिरवली. शेजारच्या शिपायानं तोंडाला रुमाल लावला.

घोषणा आम्हाला येत नव्हत्या. एक मास्तर कामाला तहसिलात आले होते, त्यांच्या संघटनेचे पदाधिकारी. त्यांना राहवलं नाही. "वहिनी, शेवटचा शब्द ओढायचा असतो," त्यांनी थांबून शिकवलं, आणि यांच्याकडे वळून म्हणाले, "काय जमादार, आज घरचंच कार्य दिसते!" साध्या कपड्यातले गोपनीय शाखेचे एक भाऊ कागद-पेन घेऊन झाडाला टेकून होते, तेही आमच्याच लाईनीतले, मागच्या रांगेतले. मध्येच ते कळवळून म्हणाले, "काकू, जरा सावकाश घोषणा द्या. वर जशीच्या तशी पाठवायची हाय." माझ्या मुलीएवढी एक महिला शिपाई आम्हाला मोजायला नेमली होती. ती माझ्याकडे वाकून म्हणाली, "काकू, किती लिहू?"

"आहे तेवढं लिही. चौदा."

"वीस लिहिते ना," ती म्हणाली. "चौदा लई कमी दिसते."

"चौदाच लिही," मी म्हटलं. मला तेव्हा त्या प्रामाणिकपणाचा अभिमान वाटला होता.

दुपारी ठाण्याच्या साहेबांनी आम्हाला आत बोलावलं. खुर्च्या दिल्या, चहा दिला. दोन्ही पानं नीट वाचली. दुसऱ्या पानावर ते जास्त वेळ होते. "छान तक्ता केलाय," ते म्हणाले. "कोणी केला?" मी हात वर केला. ते म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर आहे. माणूस आहे, मशीन नाही." आम्ही घरी येताना रस्त्यात हसत होतो. ताईनं लाईनीत सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटले.

चार दिवसांत ठाण्यात फळा लागला. पांढऱ्या रंगानं आखलेला, नंबर आणि वार. बारासमोर गुरुवार. पहिल्या गुरुवारी नवरा-बायको सकाळच्या गाडीनं यवतमाळला गेले. दुसऱ्या गुरुवारीही. तिसऱ्या गुरुवारी परत आल्यावर ताई स्वयंपाकघराच्या दारातूनच ओरडली, "वहिनी, डॉक्टर म्हणे, काठ लाल झाला. म्हणजे रक्त येऊन राह्यलं तिथं. भरते आता!" त्या रात्रीच्या जेवणाला तिच्याकडची कढी आमच्याकडे आली. मी माझ्या कॅलेंडरवर त्यांचे तीन गुरुवारही लिहिले, कोपऱ्यात लहान अक्षरात. असं मी आधी कधी केलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात नोटिसा आल्या. एकोणीस. कुटुंबीयांना एकत्र येऊन आंदोलन करण्यास प्रवृत्त केलं, याचा खुलासा सात दिवसांत द्यावा. प्रत्येक नोटिशीवर बक्कल नंबर बिनचूक होता आणि नोटिसांचे क्रमांक माझ्या तक्त्याप्रमाणे होते. यांची सातवी. बारांची पहिली. त्यांच्या नोटिशीत एक ओळ जास्त होती: आपली पत्नी यांनी सदर आंदोलनाचे नेतृत्व केल्याचे दिसून येते.

यांनी नोटीस टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "बक्कल नंबर तू लिहिले?"

"हो."

"आणि बाराले वर टाकलं?"

"त्यांची नड मोठी होती."

यांनी कपाळाला हात लावला नाही, ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "मी पाह्यलं असतं तर..." आणि तिथंच थांबले. कारण न पाहण्यासाठी यांनी त्या दिवशी धुतलेली गाडी पुन्हा धुतली होती.

खुलाशाचा नमुना कोणीतरी जाणत्या माणसानं सांगितला आणि तो लाईनभर फिरला. सदर कृत्य माझे पत्नीने माझे परस्पर केले असून मला त्याची कोणतीही कल्पना नव्हती. मी तिला समज दिली आहे. पुन्हा असे होणार नाही. अक्षर चांगलं म्हणून यांनी मलाच लिहायला बसवलं. मी माझ्या हातानं लिहिलं, मी तिला समज दिली आहे. यांनी खाली सही केली. मग दुसरे आले, तिसरे आले. "वहिनी, आमचंही लिहून द्या ना, तुमच्या हातचं स्वच्छ येते." दोन दिवसांत मी अकरा खुलासे लिहिले. अकरा वेळा समज दिली. त्या अकरांतल्या नऊ बाया सतरंजीवर माझ्या शेजारी बसल्या होत्या, आणि आता त्यांचे नवरे माझ्या ओट्यावर चहा पीत होते.

सहाव्या दिवशी बारा नंबर जमादार आले. लंगडत नव्हते, पाय बरा चालला होता. त्यांनी माझ्याकडे फक्त रेघांचा कागद मागितला. ओट्यावर बसून स्वतःच लिहिलं, सावकाश. मग मला म्हणाले, "शुद्धलेखन पाहा फक्त."

चारच ओळी होत्या. माझी पत्नी माझ्या पायाच्या उपचारासाठी सुट्टी मागायला गेली होती. मला हे माहीत होते. त्यात तिची चूक नाही. म्हणून तिला समज देण्याचे कारण मला दिसत नाही.

"जमादार, असं लिहू नका," मी म्हटलं.

"काहून? खोटं हाय का यात काही?"

"खोटं नाही."

"मंग?"

आयुष्यभर मी कागदावर खोटं लिहिलं नाही हे मी लोकांना सांगत आले, आणि त्याच ओट्यावर त्याच पेनानं मी अकरा खोटे कागद लिहून दिले होते. मी म्हटलं, "'पत्नी'ला दुसरी वेलांटी. तुम्ही पहिली दिली आहे." त्यांनी दुरुस्त केलं.

अठरा जणांना तंबी मिळाली आणि प्रकरण मिटलं. एकाची बदली झाली, प्रशासकीय कारणास्तव. मुकुटबन.

मुकुटबन वाईट गाव नाही. तिथंही लोक राहतात, शेती करतात, संसार करतात. पण जिल्ह्याच्या नकाशात आमचं गाव एका टोकाला आणि ते दुसऱ्या. तिथून यवतमाळच्या डॉक्टरांकडे जाऊन यायला पूर्ण दिवस लागतो, गाड्या बदलत. नव्या ठाण्यात त्यांना कोणी ओळखत नव्हतं; नुसती त्यांच्या आधी त्यांची फाइल पोचली होती. फळ्यावरचा गुरुवार इथं राहिला. क्वार्टर सोडताना ताईनं कढीपत्त्याचं झाड तसंच ठेवलं. मी तिला सामान बांधायला मदत केली. आम्ही दिवसभर बोललो, पण यादीबद्दल दोघींपैकी कोणी बोललं नाही.

सुरुवातीला ती फोन करायची. नऊ गुरुवारांत एकदा गेलो. चौदांत दोनदा. मी आकडे लिहून घ्यायची. मग निवडणुकीचा बंदोबस्त लागला, बूट दिवसभर पायात. मग तिनं आकडे सांगणं बंद केलं, आणि मीही विचारलं नाही. पहिल्यांदा अंगठा काढला. मग दोन बोटं. मग नागपूरला नेलं आणि घोट्याच्या वर कापला.

मी मुकुटबनला भेटायला गेले तेव्हा ते खोलीत खुर्चीवर बसले होते, मांडीवर चादर. मला पाहून हसले. "या वहिनी. तुमच्या अक्षराची आठवण काढत होतो. इथले खुलासे वाचता येत नाही."

ते दुपारी झोपल्यावर मी ताईला सांगितलं. इतके महिने तोंडात धरून ठेवलेलं. "तुमचं नाव वर मी घातलं होतं. आणि नंबरही."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "मी तर समोरच होती."

"मला वाटलं, ज्याची नड मोठी..."

"तुमाले काय वाटलं ते मले त्या दिवशीच कळलं होतं." ती तांदूळ निवडत होती, ते थांबलं नाही. "खाली टाकलं असतं तरी यायनं तसंच लिहिलं असतं. यायचा स्वभाव तो. पाय गेलाच असता वहिनी. फक्त मंग मी तुमच्यावर रागावली नसती."

मी तिथं आणखी दोन तास होते. तिनं चहा केला, जेवायला वाढलं, बसपर्यंत सोडायला आली. तिचा राग तिनं लपवला नाही आणि माझ्यावर काढलाही नाही. बस सुटेपर्यंत ती उभी होती.

आता जमादार तिथल्या ठाण्यात फोनवर बसतात. खुर्चीची ड्युटी, आठ तास, नियमानं. नवे साहेब चांगले आले आहेत. त्यांनी स्वतःहून विचारलं, साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी हवी? जमादारांनी सांगितलं, गुरुवार. एकही चुकत नाही आता. जायला कुठे नसतं.

आमच्या ठाण्यातला फळा अजून आहे. वार पाळले जात नाहीत, पण पुसलेलेही नाहीत. हे सांगतात, बारासमोर गुरुवार तसाच आहे. मी यांचं कॅलेंडर लिहिते. या वर्षी सहा महिन्यांत गोल पाच.

मागच्या महिन्यात लाईनीतल्या तिघी-चौघी पुन्हा आल्या. छप्परं गळतात, निवेदन द्यायचं. "तुमीच लिहा काकू, तुमाले अनुभव हाय." मी लिहिलं. या वेळी बक्कल नंबराचा रकाना ठेवला नाही. पट्टीनं एकोणीस ओळी आखल्या, अनुक्रमांक एकवर माझं नाव लिहिलं, सही केली आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. एक म्हणाली, घरी विचारून येते. दुसरी म्हणाली, तेल संपलं, दुकान बंद होईल. तिसरी नुसतीच उठली. चहा सगळ्यांनी घेतला होता.

तो कागद मी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवून ठेवला आहे. यांनी परवा जेवताना तो पाहिला. एकच नाव, आणि खाली अठरा रिकाम्या ओळी.

"मले काही सांगू नको," हे म्हणाले.

मी सांगितलं नाही. यांच्या ताटात पोळी वाढली. या वेळी यांनी मान मात्र वळवली नाही; जेवण होईपर्यंत कागदाकडेच बघत होते. मग हात धुतले, टोपी घेतली आणि गेले. मी वर डाव्या कोपऱ्यात वेळ लिहिली.